फॅब्रिकेशन कौशल्याचे अध्यापन : गणित, हात आणि चूक
(छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक परिसराच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : व्यवसाय शिक्षण, फॅब्रिकेशन, पत्राकाम, वेल्डिंग, मूल्यमापन

प्रास्ताविक

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे मराठवाड्यातील प्रमुख औद्योगिक केंद्र होय. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींनी शहराचे अर्थकारण घडविले. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तर २००१ मध्ये स्कोडा कंपनीने शेंद्रा येथे मोटारींची जुळणी सुरू केली. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सुटे भाग, सांगाडे, रॅक, ट्रॉली, टाक्या आणि जिग बनविणारे असंख्य लघुउद्योग उभे राहिले. या लघुउद्योगांचा कणा म्हणजे फॅब्रिकेशनचे काम. कारखान्यातील वेल्डिंग रोबोटकडे गेले तरी रोबोटसमोर भाग धरून ठेवणारे जिग बनविणे, सांधा तपासणे आणि बिघडलेला भाग दुरुस्त करणे ही कामे माणसाकडेच राहतात.

या कामासाठी येणारा विद्यार्थी बहुधा शेतकरी वा शेतमजूर कुटुंबातील असतो. लोहाराच्या मुलाला ऐरण, भाता आणि सांडशी यांची ओळख घरातच होत असे. या विद्यार्थ्याला धातूची पहिली ओळख संस्थेच्या कार्यशाळेत होते. म्हणूनच संस्था त्याला काय शिकविते आणि काय शिकवावयाचे राहून जाते, हा त्याच्या उपजीविकेचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात फॅब्रिकेशन अध्यापनातील एका मूलभूत उणिवेचा विचार करावयाचा आहे. ती उणीव म्हणजे वर्गातील गणित आणि कार्यशाळेतील हात यांच्यातील तुटलेला सांधा.

फॅब्रिकेशन : संकल्पना

फॅब्रिकेशन म्हणजे केवळ वेल्डिंग नव्हे. आराखडा वाचणे, पत्र्यावर वा अँगल-चॅनेलवर आखणी करणे, कापणे, वाकविणे, टॅक मारून जुळवणी करणे, वेल्डिंग करणे आणि शेवटी मापे व सांधे तपासणे अशी ही साखळी आहे. यातील वेल्डिंगची ठिणगी तेवढी दुरून दिसते, म्हणून तीच कौशल्याची खूण मानली जाते. प्रत्यक्षात माल नाकारला जातो तो अनेकदा आखणीतील वा जुळवणीतील चुकीमुळे. आखणी ज्याच्या हाती, त्याच्याकडे पुढील सर्वांचे काम सोपविले जाते. ज्याला आखणी येत नाही, तो उत्तम वेल्डर असूनही दुसऱ्याने आखून दिलेल्या रेषेवरच काम करीत राहतो.

अभ्यासक्रमाची रचना

भारतात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यातील प्रशिक्षणाला वैधानिक आधार मिळाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डर हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. २०२२ मध्ये सुधारलेल्या रचनेनुसार वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकासाठी, २४० तास व्यवसाय-सिद्धांतासाठी आणि १२० तास रोजगारक्षमता कौशल्यांसाठी आहेत. याशिवाय १५० तासांचे प्रत्यक्ष कार्यस्थळावरील प्रशिक्षण वा गटप्रकल्प अपेक्षित आहे. विद्यापीठ स्तरावर २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.व्होक. पदवीची योजना आणली. तीत ६० टक्के श्रेयांक कौशल्य घटकाला आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाला दिले आहेत. चिकलठाणा येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालतो.

प्रात्यक्षिकाला दिलेले हे प्राधान्य योग्यच आहे. तथापि औद्योगिक प्रशिक्षणाच्या परीक्षेत प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के, तर लेखी विषयांत किमान ३३ टक्के गुण पुरतात. विद्यार्थी यातून स्वाभाविकपणे असा अर्थ काढतो की हात चालला म्हणजे झाले, गणित जेमतेम सुटले तरी चालेल. प्रमाणपत्र मिळते, परंतु कारखान्यात गेल्यावर ज्या कारणाने त्याची वाढ खुंटते, ते कारण नेमके याच ३३ आणि ६० मधील अंतरात दडलेले असते.

पत्र्यावरील गणित : दोन उदाहरणे

हे अंतर किती खर्चिक असते हे दोन साध्या उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण टाकीचे. ३ मि.मी. जाडीच्या पत्र्यापासून ६०० मि.मी. बाह्य व्यासाची दंडगोल टाकी करावयाची आहे. परिघाचे सूत्र पाठ असलेला विद्यार्थी ६०० ला पायने गुणून १८८५ मि.मी. लांबीचा पत्रा कापतो. पत्रा गोल करताना त्याचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो व आतला दाबला जातो. न ताणला जाणारा, न दाबला जाणारा थर जाडीच्या मध्यावर असतो. म्हणून हिशेब ५९७ मि.मी. या मध्यव्यासावर करावा लागतो आणि लांबी येते सुमारे १८७५.५ मि.मी. दोन्हींतील फरक सुमारे साडेनऊ मि.मी. आहे. टाकीचा व्यास त्यामुळे ३ मि.मी.ने वाढतो आणि मापाने बनविलेले झाकण बसत नाही. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, टाकी मात्र चुकलेली.

दुसरे उदाहरण काटकोनी वाकाचे. २ मि.मी. पत्र्याचा, बाहेरून प्रत्येक बाजू ५० मि.मी. भरेल असा अँगल करावयाचा आहे. ५० अधिक ५० म्हणून १०० मि.मी.ची पट्टी कापली, तर वाकविल्यावर ती जवळजवळ ४ मि.मी. जास्त भरते. वाकाची आतील त्रिज्या २ मि.मी. धरल्यास प्रत्येक बाजूचा सपाट भाग ४६ मि.मी. उरतो. इतक्या तीव्र वाकात तटस्थ थर मध्यावर न राहता आतल्या बाजूस सरकतो. व्यवहारात तो आतील पृष्ठापासून जाडीच्या सुमारे ०.३३ अंतरावर धरतात. त्यामुळे त्या थराची त्रिज्या २.६६ मि.मी. आणि पाव वर्तुळाची लांबी सुमारे ४.१८ मि.मी. होते. एकूण लांबी ९६.१८ मि.मी.

दोन्ही उदाहरणांतील गणित शालेय पातळीचे आहे. अडचण गणिताची नसून कोणते माप गणितात घालावयाचे याच्या जाणिवेची आहे. ही जाणीव फळ्यावर येत नाही, कारण फळ्यावरील रेषेला जाडी नसते. आणि केवळ हातोडा चालवूनही येत नाही, कारण चुकलेला तुकडा भंगारात गेला की कारणही त्याच्याबरोबर जाते. विद्यार्थ्याने आधी लांबीचे भाकीत लिहावे, मग कापावे, वाकवावे, पुन्हा मोजावे आणि फरक नोंदवावा. भाकीत, मोजमाप व फरक या तीन रकान्यांची वही प्रत्येक जॉबसोबत असेल, तर तटस्थ थराची संकल्पना त्याला स्वतःच्या मापांतूनच सापडते. वहीतील ०.३३ हा आकडाही अंतिम मानू नये; पत्रा, डाय आणि यंत्र बदलले की तो थोडा बदलतो, हेही त्याच वहीतून कळते.

उष्णता आणि हाताची सवय

वेल्डिंगमध्ये विद्यार्थ्याला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : विद्युतप्रवाह, आर्कची लांबी आणि हाताचा वेग. ३.१५ मि.मी.च्या सर्वसाधारण रॉडसाठी प्रवाह साधारणपणे ९० ते १३० अँपिअर ठेवतात व आर्कची लांबी रॉडच्या व्यासाएवढी राखतात. वेग मात्र कोणत्याही तक्त्यात पुरेसा सांगता येत नाही. तो आवाजावरून, वितळलेल्या धातूच्या डबक्याच्या आकारावरून ओळखावा लागतो. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मधील आपल्या ग्रंथात अव्यक्त ज्ञानाची जी चर्चा केली, तिचे हे उत्तम उदाहरण होय. असे ज्ञान निदेशकाशेजारी उभे राहूनच मिळते. परंतु त्यातील जेवढे शब्दांत आणता येते तेवढे न आणणे ही अध्यापनातील कुचराईच ठरेल.

सांधा थंड झाल्यावर जॉब वाकडा का होतो, हा असाच एक प्रश्न. एक मीटर लांबीचे पोलाद १०० अंश सेल्सिअसने तापविले तर सुमारे १.२ मि.मी. वाढते. वेल्डजवळचा भाग याहून कितीतरी अधिक तापतो, परंतु भोवतालचा थंड पत्रा त्याला वाढू देत नाही. तो जागीच दबतो आणि थंड होताना आकसून पत्र्याला आपल्याकडे ओढतो. उलट सुलट बाजूंनी तुकड्या-तुकड्यांनी वेल्ड करणे, पुरेसे टॅक मारणे, जॉब मुद्दाम विरुद्ध दिशेला किंचित कलता बसविणे या कार्यशाळेतील युक्त्यांचे कारण याच आकुंचनात आहे. कारण ठाऊक असलेला विद्यार्थी नवा जॉब समोर आल्यावर वेल्डचा क्रम स्वतः ठरवू शकतो. केवळ युक्ती पाठ असलेल्याला पुन्हा कोणाला तरी विचारावे लागते.

चुकीचे अध्यापनमूल्य

मूल्यमापनाच्या वेळी वेल्डचा वरचा थर गुळगुळीत व एकसारखा असला की गुण मिळतात. परंतु सांध्याची ताकद मुळाशी असते आणि मूळ बाहेरून दिसत नाही. वेगाने ओढलेला सुबक थर मुळाशी मुळीच वितळलेला नसण्याची शक्यता असते. यावर सोपा उपाय उपलब्ध आहे. दोन पट्ट्या टी आकारात एकाच बाजूने जोडून उभी पट्टी प्रेसखाली वेल्डच्या बाजूस झुकवीत न्यावी. मूळ उघडत जाते आणि सांधा मोडलाच तर आत अडकलेला स्लॅग, वायूची छिद्रे, न वितळलेली कड स्पष्ट दिसतात. दुसरा मार्ग छेद घेण्याचा. सांधा आडवा कापून, पॉलिश पेपरने घासून, अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल मिसळलेल्या द्रावणाने पुसला की वेल्ड किती खोल गेला आहे ते नुसत्या डोळ्यांना दिसते.

हे द्रावण रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच तयार करावे, आणि येथेच महाविद्यालयीन अध्यापकांचा संबंध येतो. आकुंचनाचा पाठ भौतिकशास्त्राचा आहे, तटस्थ थराचा पाठ गणिताचा आहे, छेदाची परीक्षा रसायनशास्त्राची आहे. बी.व्होक.मधील ४० टक्के सामान्य शिक्षण कार्यशाळेपासून वेगळ्या वेळापत्रकात बंदिस्त न करता या प्रश्नांभोवती बांधता येईल. मोडलेले सांधे फेकून न देता, ते करणाऱ्याचे नाव न लिहिता, प्रवाह व वेगाच्या नोंदीसह फलकावर लावले, तर पुढील तुकडीसाठी त्यांच्याइतके चांगले पाठ्यसाहित्य दुसरे नाही.

पाबळचा अनुभव

चुकीला किंमत यावी यासाठी वस्तू कोणाच्या तरी वापराची असावी लागते. या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील पाबळ (ता. शिरूर) येथील विज्ञान आश्रमाचा प्रयोग अभ्यसनीय आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तेथील एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती असे चार विभाग असून विद्यार्थी परिसरातील लोकांना उपयोगी पडणारी कामे करीत शिकतात. तेथे विकसित झालेले पोलादी सांगाड्याचे घुमटाकार घर 'पाबळ डोम' या नावाने ओळखले जाते. घुमटाच्या सांगाड्यात एका दांड्याची लांबी चुकली तर पुढचा सांधा जुळत नाही. चूक दाखविण्यासाठी परीक्षकाची गरज उरत नाही. महात्मा गांधींनी १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाचा जो विचार मांडला, त्याचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

मराठवाड्यातील संस्थांनाही असे विषय दूर शोधावे लागत नाहीत. धान्याची कोठी, जनावरांची गव्हाण, ठिबक संचाचे स्टँड, शाळेचा बाक ही वस्तुसूची पुरेशी आहे. सरावाच्या तुकड्यांवर हात बसल्यानंतर असा एक जॉब प्रत्येक गटाने पूर्ण करावा आणि वापरणाऱ्याचा अभिप्राय मूल्यमापनात घ्यावा.

सुरक्षितता हा अध्यापनाचाच भाग

आर्कमधील अतिनील किरणांचा डोळ्यांवरील परिणाम लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून दुसऱ्या दिवशी कामावर येण्याचा कामगारांतील प्रघात सर्वपरिचित आहे. तो उपचार नव्हे. टॅक मारताना काच बाजूला ठेवण्याची सवय प्रशिक्षणातच लागते, म्हणून प्रशिक्षणातच मोडावी लागते. १०० अँपिअरच्या आसपास साधारणतः १० क्रमांकाची काच, शेजारच्यांसाठी पडदा, ग्राइंडरला गार्ड व साधा चश्मा आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा जोडताना जस्ताच्या धुरासाठी वायुवीजन या बाबींना प्रात्यक्षिकात स्वतंत्र गुण असावेत. ज्या संस्थेत काच तडकलेली आणि पडदा फाटलेला आहे, तेथील सुरक्षिततेचे व्याख्यान विद्यार्थी ऐकून घेतात, मानत नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) प्रत्येक जॉबसोबत भाकीत, मोजमाप व फरक यांची नोंदवही अनिवार्य करावी व तिला प्रात्यक्षिकातच गुण द्यावेत.
२) वेल्डचे मूल्यमापन केवळ बाह्यरूपावर न करता काही सांधे मोडून वा छेद घेऊन करावे.
३) गणित व विज्ञानाच्या अध्यापकांनी ठरावीक तासिका कार्यशाळेत, निदेशकांसमवेत घ्याव्यात.
४) प्रत्यक्ष वापराची किमान एक वस्तू प्रत्येक गटाकडून पूर्ण करून घ्यावी.

यांपैकी एकाही सूचनेस महागडे यंत्र लागत नाही. लागते ती प्राध्यापकाने कार्यशाळेत उभे राहण्याची आणि निदेशकाने फळ्यासमोर बोलण्याची तयारी. खेड्यातून आलेला विद्यार्थी हात घेऊनच येतो. आखणीची रेषा स्वतः ओढण्याइतका विश्वास त्याला संस्थेने दिला, तर आज दुसऱ्याच्या रेषेवर वेल्ड करणारा हा तरुण उद्या स्वतःचा छोटा कारखाना चालवू शकेल.