गुरूच्या चार चंद्रांची साक्ष

कल्याणहून कर्जतकडे जाताना बदलापूरच्या पुढे वांगणी हे स्थानक लागते. शहरातील दिव्यांच्या झगमगाटापासून दूर असलेल्या या परिसरात मुंबईच्या ‘खगोल मंडळ’ या संस्थेने आकाशदर्शनाचे रात्रभर चालणारे अनेक कार्यक्रम घेतले आहेत. दुर्बिणीतून गुरू ग्रह पाहिला की त्याच्या शेजारी जवळजवळ एका रेषेत प्रकाशाचे ठिपके दिसतात. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे ते गुरूचे चार मोठे चंद्र. ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी त्यांचा निकटचा संबंध असल्यामुळे हा विषय वाचकांसमोर मांडावा, असे आम्हांस वाटते.

ग्रह सूर्याभोवती फिरतात. ग्रहाभोवती फिरणारी नैसर्गिक वस्तू म्हणजे उपग्रह अथवा चंद्र. बुध व शुक्र यांना चंद्र नाही. पृथ्वीला एक, तर मंगळाला दोन आहेत. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि त्याच्या ज्ञात चंद्रांची संख्या २७४ झाली. त्यांतील बहुतेक अगदी लहान आहेत. याउलट गॅनिमीडचा व्यास सुमारे ५,२६८ किलोमीटर, म्हणजे बुधाहूनही अधिक आहे. तरीही तो चंद्रच. कारण येथे आकार नव्हे, तर तो कोणाभोवती फिरतो हे महत्त्वाचे.

२००६ साली प्लुटोची गणना बटुग्रहांत झाली. मान्यताप्राप्त पाच बटुग्रहांपैकी सेरेस वगळता इतर चौघांना चंद्र आहेत. प्लुटोला पाच आहेत. त्यांतील कॅरन हा व्यासाने प्लुटोच्या निम्म्याएवढा असून ते दोघेही त्यांच्या दरम्यानच्या अवकाशातील एका बिंदूभोवती फिरतात.

गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी इटलीतील पादुआ येथे गुरूजवळ प्रथम तीन ठिपके पाहिले. आठवडाभरात चौथाही दिसला. रोज रात्री त्यांच्या जागा बदलत होत्या. सर्व खगोल पृथ्वीभोवतीच फिरतात, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा तो संपूर्ण पुरावा नव्हता. मात्र फिरत्या ग्रहाबरोबर त्याचे चंद्रही जाऊ शकतात, हे दिसून आले.

१६११ मध्ये कार्डिनल बेलार्मिन यांनी विचारणा केली, तेव्हा रोममधील येशूसंघीय महाविद्यालयाचे गणितज्ञ फादर क्लाव्हियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चंद्र खरोखरच असल्याचा निर्वाळा दिला. त्यांनी ते दुर्बिणीतून स्वतः पाहिले होते. तरीही पृथ्वीच्या गतीच्या वादात १६३३ साली धर्मन्यायालयाने गॅलिलिओला दोषी ठरवले. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तत्कालीन ईशज्ञानपंडितांची चूक जाहीरपणे मान्य केली.

विज्ञान शिकणारी आपली मुले या प्रकरणाविषयी प्रश्न विचारतात. त्यांना गप्प बसवू नये. १६११, १६३३ आणि १९९२ ही तिन्ही वर्षे त्यांना सांगावीत. फादर क्लाव्हियस यांनी उत्तर देण्यापूर्वी पाहिले, हा आदर्श आपल्या घरांतही जपता येईल. गुरू इतका तेजस्वी आहे की तो ठाण्या-डोंबिवलीच्या आकाशातही सहज ओळखू येतो. साधी द्विनेत्री दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर स्थिर टेकवावी आणि सलग चार रात्री ठिपक्यांच्या जागा मुलांकडून वहीत काढून घ्याव्यात. आयोची प्रदक्षिणा अवघ्या साडेबेचाळीस तासांची असल्याने बदल लगेच ध्यानात येईल.