काटा किती खरा, किलोमीटर किती खरे?

कल्याण–बदलापूर रस्त्यावर हँडलला मोबाईल लावून गाडी चालवणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट हमखास येते. मीटरचा काटा ५५ वर असतो आणि मोबाईलवर ५० किंवा ५१ दिसतात. मग चहाच्या टपरीवर वाद रंगतो. कोणी म्हणतो मीटर बिघडलंय, कोणी म्हणतो मोबाईलचा काय भरवसा. बहुतेक वेळा मीटर बिघडलेलं नसतं आणि मोबाईलही चुकत नसतो. काटा जास्त दाखवतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. हे का आणि किती, आणि त्याच मीटरमधले किलोमीटरचे आकडे मात्र बऱ्यापैकी खरे का असतात, ते नीट समजून घेतलं तर अ‍ॅव्हरेज काढताना, टायर बदलताना आणि जुनी गाडी घेताना त्याचा उपयोग होतो.

एका डब्यात दोन यंत्रं

केबलवर चालणारं मीटर आधी पाहू, कारण आपल्याकडे रस्त्यावर अशा गाड्या अजून भरपूर आहेत. पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक छोटा गिअर असतो, त्याला मेकॅनिक ‘मीटर गिअर’ किंवा ‘वर्म’ म्हणतात. चाक फिरलं की तो फिरतो आणि काळ्या नळीतल्या पीळ घातलेल्या स्टीलच्या तारेला फिरवतो. ही तार वर मीटरपर्यंत जाते. इथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट काट्याची. तारेच्या टोकाला एक गोल चुंबक असतं आणि त्याच्यावर, त्याला अजिबात न चिकटता, अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते. चुंबक फिरलं की वाटीच्या धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. तिला मागे खेचायला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चुंबकाची ओढ आणि स्प्रिंगचा ताण जिथे सारखे होतात, तिथे वाटी थांबते आणि तिच्या दांडीवर बसवलेला काटा आकड्यावर स्थिरावतो. ऑटो शुल्झ या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि शंभराहून जास्त वर्षं ती जवळजवळ तशीच राहिली.

दुसरी वाट किलोमीटरची. त्याच तारेवरून दातेरी चाकांची एक साखळी आकड्यांच्या पिंपांपर्यंत जाते. तारेचे ठरावीक फेरे झाले की शेवटचं पिंप एक घर पुढे सरकतं, त्याची एक फेरी पूर्ण झाली की डावीकडचं पिंप एक घर सरकतं. इथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही. दाते मोजायचे आणि पुढे ढकलायचे, एवढंच काम.

म्हणून काटा आणि किलोमीटर एकाच तारेवर चालत असले, तरी त्यांच्या चुका वेगळ्या असतात. चुंबक वयानुसार थोडं कमजोर झालं तर काटा कमी दाखवेल, स्प्रिंग थकली तर जास्त दाखवेल. तारेतलं ग्रीस सुकलं तर काटा नाचायला लागेल. आकड्यांची पिंपं मात्र या सगळ्यात आपला हिशेब सोडत नाहीत.

काटा जास्त का दाखवतो

याचं उत्तर नियमांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरवरचा वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त दाखवायला मात्र मुभा आहे: खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि वर आणखी थोडे किलोमीटर. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११७ स्पीडोमीटरबद्दल आहे.

आता कंपनीच्या जागी उभं राहून विचार करा. हजारो मीटर बनवायची, प्रत्येकातलं चुंबक आणि स्प्रिंग किंचित वेगळी, प्रत्येक गिऱ्हाईकाच्या टायरात हवा वेगळी. यातलं एकही मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये, तर सगळ्यांनाच थोडं वरच्या बाजूला ठेवणं हा एकच मार्ग उरतो. हे चालवणाऱ्याच्याही फायद्याचं आहे. महापालिका आणि नगरपालिकेच्या हद्दीत दुचाकीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे, स्थानिक प्रशासन ती आणखी खाली आणू शकतं. पोलिसांची स्पीडगन खरा वेग मोजते. काटा ६० वर असताना गाडी खरोखर ५५–५६ ने चालत असेल, तर ती मर्यादेच्या आतच राहते.

डिजिटल मीटरमध्ये चुंबक आणि वाटी नसते. चाकावर किंवा गिअरबॉक्सवर सेन्सर असतो, तो फेऱ्यांचे ठोके मोजतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. त्यासाठी चाकावर दातेरी कडं आणि सेन्सर लागतोच, आणि अनेक गाड्या वेगासाठीही तोच वापरतात. तरी तत्त्व बदलत नाही. वेग दाखवताना सॉफ्टवेअर त्यात थोडी भर घालतं, अंतर मोजताना ठोके जसेच्या तसे जोडतं. सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर एक काळजी घ्यायची: चेन स्प्रॉकेट वेगळ्या दात्यांचं बसवलं की मीटर चुकायला लागतं.

टायर हीच खरी मोजपट्टी

मीटरला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. एका फेऱ्याला किती अंतर, हे टायर ठरवतं. ८०/१००-१८ हा टायर घेऊ, रोजच्या वापराच्या बऱ्याच मोटरसायकलींना तो असतो. १८ इंच रिम म्हणजे ४५७ मिलिमीटर, वर-खाली टायरची उंची ८०–८० मिळून १६०. एकूण व्यास ६१७ मिलिमीटर, घेर साधारण १.९४ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ५१६ फेरे.

हाच टायर ४ मिलिमीटर झिजला की व्यास ८ मिलिमीटरने कमी होतो आणि किलोमीटरला सुमारे ५२२ फेरे लागतात. तेवढ्याच रस्त्यात मीटर सव्वा टक्का जास्त मोजतं. उलट त्याच रिमवर ९०/१००-१८ चढवला तर घेर २ मीटर होतो आणि मीटर तीन टक्के कमी मोजतं. तेवढ्याने काटा खऱ्या वेगाच्या खाली जाईलच असं नाही, पण कंपनीने ठेवलेली सुरक्षेची जागा आपण बऱ्यापैकी खाल्लेली असते. हवा कमी असली, मागे कोणी बसलं, तरीही एका फेऱ्यातलं अंतर थोडं घटतं.

हे घरच्या घरी मोजता येतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा घ्या. हवा कंपनीने सांगितली तेवढी भरा. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूने रेघ मारा. गाडीवर एक जण बसू दे, दुसऱ्याने हळूहळू ढकलत दहा फेरे मोजायचे आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी रेघ मारायची. मधलं अंतर टेपने मोजा आणि दहाने भागा. कागदावरच्या १.९४ पेक्षा आकडा थोडा कमी येतो, कारण वजनाने टायर खाली दबतो. टायर बदलण्याआधी आणि बदलल्यावर हीच मोजणी केली, तर मीटरचा हिशेब किती सरकला ते दोन आकड्यांच्या गुणोत्तरातून थेट कळतं. सेन्सर मागच्या चाकावर किंवा गिअरबॉक्सवर असेल तर मागचं चाक मोजा.

रस्त्यावरची परीक्षा

बरेच जण रेल्वेचं अंतर धरून मीटर तपासतात. मुंबईपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८, म्हणजे मधलं अंतर आठ. पण हे रुळांवरचं अंतर आहे, रस्ता त्याला धरून जात नाही. रस्त्यासाठी रस्त्याचेच दगड हवेत. राज्यमार्गाच्या दगडाचा माथा हिरवा असतो, राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा. कल्याण–मुरबाड–माळशेज हा राष्ट्रीय महामार्ग ६१ गोवेलीच्या पुढे मोकळा होतो. पहाटे रहदारी नसताना तिथे तपासणी करता येते.

आधी किलोमीटर तपासा. ट्रिपमीटरचा शेवटचा आकडा शंभर मीटरचा असतो, म्हणून एकाच किलोमीटरवर निकाल काढला तर दहा टक्क्यांपर्यंतची चूक आपल्या वाचण्यातच असू शकते. दहा किलोमीटर धरले तर ती एक टक्क्यावर येते. रुंदीकरणात एखादा दगड हललेला असतो, त्यावरही लांब अंतर हाच उपाय आहे.

मग काटा. काटा ४० वर स्थिर ठेवा आणि मागे बसलेल्याला दोन दगडांमधला वेळ मोजायला सांगा. चालवणाऱ्याने स्वतः घड्याळाकडे पाहू नये. खरे ४० असतील तर ९० सेकंद लागतील. ९८ लागले तर खरा वेग ३६.७ आहे आणि काटा सुमारे नऊ टक्के जास्त दाखवतोय.

मोबाईलचा वेगही इथे पडताळता येतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना जीपीएसचा वेग विश्वासार्ह असतो. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा पुलाखाली तो भरकटतो. अंतराचं म्हणाल तर बारवी धरणाकडच्या वळणांवर जीपीएस ठिपक्याला ठिपका सरळ रेषेने जोडतं आणि वळणं कापून टाकतं, म्हणून कमी किलोमीटर सांगतं. वेगासाठी मोबाईल, अंतरासाठी दगड, ही वाटणी लक्षात ठेवावी.

अ‍ॅव्हरेज आणि जुनी गाडी

पाच लिटरमध्ये ३०० किलोमीटर पडले तर आपण ६० चं अ‍ॅव्हरेज सांगतो. मीटर तीन टक्के जास्त मोजत असेल तर खरे २९१ झाले आणि अ‍ॅव्हरेज ५८. पंपावरचा लिटर वैधमापन खात्याकडून तपासला जातो, संशय आला तर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप मागता येतं. आपल्या किलोमीटरला असा कोणी तपासनीस नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं.

जुनी गाडी घेताना हा प्रश्न जास्त गंभीर होतो. मीटर मागे फिरवून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसणारी. पण आकडा कमी असण्याचं दुसरं, साधं कारणही असतं: केबल तुटली की काटा आणि किलोमीटर दोन्ही थांबतात आणि लोक तशीच गाडी महिनोन्‌महिने चालवतात. आपल्या पट्ट्यात तिसरं कारण पुराचं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणीच्या मध्ये अडकली, ते सगळ्यांना आठवतं. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या केबलमधलं ग्रीस धुऊन जातं, हबमधल्या वर्ममध्ये गाळ बसतो, मीटरच्या काचेला आतून वाफ धरते.

म्हणून आकड्यावर थांबू नका. सर्व्हिसच्या पावत्यांवर तारखेसोबत किलोमीटर लिहिलेले असतात, ते क्रमाने वाढतात का पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर फक्त ८ हजार आणि टायर मात्र नंतरच्या वर्षाचे, तर आधीचे टायर इतक्या लवकर कसे संपले हे विचारलंच पाहिजे. फुटरेस्टचं रबर, ब्रेकच्या पेडलची झीज आणि स्प्रॉकेटचे दाते पाहा. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा, केबल मीटरपर्यंत फेरे पोहोचवते की नाही ते लगेच कळेल.

आपल्या गाडीचं म्हणाल तर एकदा दगडांवर तपासून आलेली टक्केवारी सर्व्हिस बुकात लिहून ठेवा: काटा इतका जास्त, किलोमीटर इतके जास्त किंवा कमी. टायर किंवा स्प्रॉकेट बदललं की पुन्हा मोजा आणि आकडा सुधारा. अंतर, अ‍ॅव्हरेज आणि वेग यांचा हिशेब मग टपरीवरच्या वादावर नाही, आपल्या मोजणीवर चालतो.