पिक्चर संपल्यानंतरची वीस मिनिटं

पिक्चर बघायला हल्ली कोणाची गरज लागते? मोबाईल आहे, हेडफोन आहे, रूममेट झोपली की पांघरुणात पिक्चर सुरू! मग शनिवारी रात्री मेसचं जेवण झाल्यावर बॉईज हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये चाळीस-चाळीस जण फरशीवर दाटीवाटीने बसून एकच पिक्चर का बघायचे? मागच्या वर्षी मला हा प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर शोधताना बरंच काही सापडलं. ते इथे सांगते. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाच्या नावावर टाकाव्यात!)

तर मित्रांनो, या प्रकाराला फिल्म सोसायटी म्हणतात. हाउसिंग सोसायटीसारखीच असते. सभासद असतात, वर्गणी असते आणि भांडणंही असतात. १९२५ साली लंडनमध्ये अशी एक सोसायटी सुरू झाली. थिएटरवाले जे चालेल तेच लावायचे आणि उरलेल्यावर सेन्सॉरची कात्री. रशियातला 'बॅटलशिप पोटेमकिन' तर ब्रिटनमध्ये सार्वजनिकरीत्या दाखवायला बंदीच होती. सोसायटीने तो १९२९ मध्ये फक्त आपल्या सभासदांना दाखवला. युक्ती एवढीच, की हा जाहीर खेळ नाही, आमचा आपसातला आहे!

आपल्याकडे १९४७ साली कलकत्त्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी फिल्म सोसायटी काढली. राय तेव्हा एका जाहिरात कंपनीत चित्रं काढायचे. 'पथेर पांचाली' यायला अजून आठ वर्षं होती. म्हणजे आधी ते आपल्यासारखेच, पिक्चर बघून वाद घालणारे! पुढे १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचं फेडरेशन झालं, त्याचे अध्यक्षही तेच. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. त्यांचं 'वास्तव रूपवाणी' नावाचं नियतकालिकही आहे, म्हणजे वाद घालून पोट भरलं नाही तर लिहायची सोय. कर्नाटकातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम'ने १९७० च्या दशकात गावकऱ्यांना जगभरचे सिनेमे दाखवले. "पब्लिकला असलं कळत नाही" म्हणणाऱ्यांना माझं हे आवडतं उत्तर आहे.

या सोसायट्यांना पिक्चर मिळायचे कुठून? तर बऱ्याचदा पुण्याहून. १९६४ मध्ये तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते उभं केलं. तिथून १६ मिलिमीटरच्या प्रिंट देशभर जायच्या. १६ च का? इथे थोडं आपलं इंजिनीअरिंग. थिएटरच्या ३५ मिलिमीटर फिल्ममध्ये एका फुटात १६ फ्रेम बसतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. दोन तासांच्या पिक्चरला १०,८०० फूट, सव्वातीन किलोमीटर! १६ मिलिमीटरमध्ये एका फुटात ४० फ्रेम, म्हणून मिनिटाला ३६ फूट आणि सगळा पिक्चर सव्वा किलोमीटरच्या थोडासा वर. प्रोजेक्टरही उचलून नेता यायचा. पण १६०० फुटांचं रीळ ४४ मिनिटांत संपायचं आणि मशीन एकच असलं की दिवे लावून दुसरं रीळ चढवावं लागायचं. मग लोक आपोआप बोलायला लागायचे. माझी एक थिअरी आहे (परीक्षेत लिहू नये), की पिक्चरवर गप्पा मारायची निम्मी सवय या रीळ बदलण्याने लावली असेल.

बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा बांधून असेच पिक्चर दाखवायचे. पुढे जागा नसली की पोरं पडद्याच्या मागे बसायची. तिथून पिक्चर तसाच दिसायचा, फक्त हिरो डावखुरा!

आता आमच्या क्लबबद्दल. प्रोजेक्टर सेमिनार हॉलचा, स्पीकर एका सिनियरचे. कायद्याचं बोलायचं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. कॉलेजच्या उपक्रमात पिक्चर दाखवला आणि प्रेक्षक फक्त विद्यार्थी, स्टाफ, पालक आणि त्या उपक्रमाशी संबंधित लोक असले, तर चालतं. म्हणून बाहेरचे दोस्त आणू नका, प्लीज. शिवाय भारतात सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांचा असतो, त्यामुळे 'प्रभात'चे जुने पिक्चर तर सगळ्यांचेच.

मागच्या वर्षी त्यातलाच 'संत तुकाराम' लावला होता, १९३६ चा. मी नव्हते. शो साडेनऊचा आणि आमच्या हॉस्टेलचं गेट नऊला बंद! रविवारी पेन ड्राइव्हवर मिळाला, तो एकटीने लॅपटॉपवर पाहिला. खरं सांगते, पुढे ढकलत ढकलत पाहिला. सोमवारी लॅबमध्ये दोन मुलं जिजाईवरून भांडत होती. एक म्हणाला, खरी हिरो तीच. पोर आजारी पडल्यावर ती पायातलं हातात घेऊन थेट विठोबासमोर जाते! दुसरा म्हणाला, मग शेवटी तुकोबांबरोबर वैकुंठाला का गेली नाही? पहिला म्हणाला, घरात पोरं उपाशी ठेवून? मी गप्प. कारण तो प्रसंग मी नेमका फॉरवर्ड केला होता. पिक्चर संपल्यावर वीस मिनिटं चर्चा ठेवायची असा क्लबचा नियम, पण त्या रात्री ती तासभर चालली म्हणे. पिक्चर मला मिळाला, तो तास नाही मिळाला. तो पेन ड्राइव्हवर येत नाही ना.

त्या रात्री घरात धान्य कुठून आणायचं या प्रश्नावर तासभर चर्चा झाली आणि खोलीत एकही मुलगी नव्हती, हेही जरा गमतीशीरच.

आम्ही गेटच्या वेळेसाठी तीन अर्ज दिले. वेळ बदलली नाही. शेवटी क्लबनेच जागा बदलली. आता शो शनिवारी पाच वाजता, ड्रॉइंग हॉलमध्ये. सगळं गोड झालं असं नाही. पाचला ग्राउंडवर क्रिकेट असतं, त्यामुळे चाळीसचे पंचवीस झालेत. हॉलला अकरा खिडक्या आहेत आणि पश्चिमेचं ऊन बरोबर पडद्यावर येतं. पण पंचवीसमध्ये आम्ही अकराजणी असतो, मेसचे एक काका येतात आणि परवा तर वॉर्डन मॅडमही शेवटपर्यंत बसल्या. चर्चेत त्या पाच मिनिटं बोलल्या. गेटचा विषय मात्र कोणीच काढला नाही.

पुढचा पिक्चर 'बायसिकल थीव्हज', १९४८ चा, इटलीचा. एका माणसाची सायकल चोरीला जाते आणि सायकल नाही तर नोकरी नाही, एवढीच गोष्ट. खिडक्यांना काळे कार्डशीट लावायला साडेचारला चार जण हवेत. उंच असतील तर उत्तम. चिकटपट्टी आमच्याकडे आहे, स्टूल येताना घेऊन या.