पाच तत्त्वं नव्हेत, पाच चाली

कंबर धरली की हल्ली कुणी ना कुणी सांगतंच, "अहो, एकदा ॲक्युपंक्चर करून बघा ना!" मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहीजणी जाऊनही आल्या असतील. सुईची भीती पहिल्या दिवशीच जाते, पण तिथं कानावर पडलेलं एखादं वाक्य घरी येऊन छळत राहतं. आमच्या शेजारणीला असंच सांगितलं गेलं, "तुमचं जलतत्त्व कमी आहे, किडनी अशक्त झालीय." बिचारी आठवडाभर धड जेवली नाही. रक्त-लघवी तपासली तर सगळं व्यवस्थित! मग सांगणारा खोटं बोलला का? तसंही नाही. घोळ शब्दाचा आहे, आणि तो बराच जुना आहे.

'तत्त्व' म्हटलं की आपल्याला पंचमहाभूतं आठवतात. चिनी यादी निराळी आहे: लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. त्यात वायू नाही, आकाश नाही. मूळ शब्द 'वू शिंग'. वू म्हणजे पाच आणि शिंग म्हणजे चालणं, जाणं. युरोपियनांनी भाषांतर करताना ग्रीकांच्या चार तत्त्वांचा शब्द त्याला चिकटवला आणि इंग्रजीतून तोच आपल्याकडे आला. आताचे बरेच अभ्यासक 'पाच अवस्था' म्हणतात. मला विचाराल तर आपला 'चाल' हा शब्द जास्त शोभतो.

कारण इथं वस्तूंपेक्षा त्यांच्या वागण्याला महत्त्व आहे. लाकडानं अग्नी पेटतो, राखेची माती होते, मातीतून धातू निघतो, धातूवर पाणी साचतं, पाण्यानं झाड वाढतं. शिवाय एकमेकांवर वचकही आहे: पाणी अग्नीला विझवतं, अग्नी धातू वितळवतो, धातू लाकूड तोडतो, झाडाची मुळं माती फोडतात, माती पाण्याला बांध घालते. (एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको!) या चालींना मग अवयव, ऋतू, चवी, भावना जोडल्या गेल्या. यकृताला वसंत, आंबट चव आणि राग. फुप्फुसाला शरद आणि शोक. मूत्रपिंडाला हिवाळा, खारट चव आणि भीती. म्हणजे चिनी वैद्यकातली 'किडनी' ही या साऱ्या गोतावळ्याची खूण आहे, सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे.

हे सगळं पहिल्यापासून असंच ठरलेलं होतं असं आपण समजतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्सोउ येन या पंडितानं पाच चाली लावल्या त्या राजघराण्यांच्या उदयास्ताला. इ.स.पू. २२१ मध्ये चीन एक करणाऱ्या छिन सम्राटानं पाण्याची चाल आपली मानून काळा रंग घेतला. वैद्यकातलं त्यांचं बस्तान त्यानंतरचं. १९७३ मध्ये मावांगत्वेइ इथं इ.स.पू. १६८ मधल्या थडग्यात वैद्यकाच्या हस्तलिखितांचा ठेवा सापडला. त्यात शरीरातल्या अकरा वाहिन्या आहेत, डागण्याचे उपचार आहेत, पण सुया टोचायच्या बिंदूंचा पत्ता नाही. गंमत पुढेच आहे. इ.स. १०० च्या सुमारास शू शेन या कोशकारानं हृदय हा 'मातीचा' अवयव म्हणून नोंदवला आणि काही विद्वान त्याला 'अग्नीचा' मानतात, असंही लिहून ठेवलं. म्हणजे घरातच एकमत नव्हतं!

फेरविचारही चिनी वैद्यांनीच सुरू केला. १८२२ मध्ये दरबारी वैद्यकसंस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकलं गेलं होतंच. १९१७ मध्ये यू येन या डॉक्टरांनी जुन्या ग्रंथांवर कडक टीका केली. तिला १९२२ मध्ये युन त्येछ्याओ या वैद्यांनी उत्तर दिलं. ग्रंथातले पाच अवयव मांसरक्ताचे नसून ऋतूंचे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हे उत्तर आवडतं. त्यात जुनं फेकून दिलेलं नाही आणि डोळे मिटून पूजाही केलेली नाही.

आणि उपचाराचं काय? २००७ मध्ये जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के लोकांना आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के लोकांना. आराम पडतो हे खरं, पण सुई नेमकी कुठल्या बिंदूवर टोचली याचा त्यात फारसा वाटा दिसत नाही.

हे शास्त्र आपल्याकडे आलं त्यात सोलापूरचंही नातं आहे. १९३८ मध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबरोबर चीनला गेलेल्या पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि ती भारतात घेऊन आले. महाराष्ट्रात तर २०१५ चा स्वतंत्र कायदाच आहे. तेव्हा उपचार घ्यायला जाल तर नोंदणी आहे का ते विचारा. सुया आपल्यासमोर पाकिटातून काढलेल्या, एकदाच वापरायच्या हव्यात. दिवस गेले असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि "किडनी अशक्त आहे" असं कानावर आलं, तर तिथंच विचारा, "कुठली? चिनी, की माझी?" पायावर सूज असेल, लघवी कमी होत असेल, तर मात्र हा प्रश्न विचारत न बसता सरळ आपल्या डॉक्टरांकडे जा.