लॅबचे केस बारा महिने का गळतात?

सोलापुरी चादर झटकली की निम्मे केस लॅब्राडोरचे, आमच्या घरी हे रोजचंच. लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वरचा राठ, आतला मऊ. जुने केस गळणारच. ते थांबत नाहीत, आवरता येतात.

सोलापुरात पारा ४० च्या वर गेला की लोक सांगतात, "सरळ मशीन फिरवा!" मी नाही फिरवत. हेच केस कातडीला उन्हापासून वाचवतात. त्यापेक्षा आठवड्यातून ३-४ वेळा केसांच्या दिशेने ब्रश करा; आतले सुटे केस निघतात.

पण चट्टे पडले, कातडी लाल झाली, सतत खाजवतोय? मग ब्रश ठेवा, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. गोचीड, बुरशी किंवा थायरॉइडही असू शकतं.