पुण्याच्या जागत्या रात्री

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसां’त चंद्रगुप्त कुसुमपुरांत कौमुदीमहोत्सव करण्याची आज्ञा देतो आणि चाणक्य ती परस्पर रद्द करवितो. राजा व अमात्य यांच्या लटक्या कलहाला हें निमित्त होतें. वर्गांत हा अंक शिकवितांना मला नेहमीं वाटे कीं, नगराच्या रात्रीच्या उत्सवास आपल्या पूर्वजांनीं केवढें मोल दिलें होतें! वात्स्यायनानेंही नागरकांच्या सामुदायिक क्रीडांत कौमुदीजागर गणिला आहे. ‘मृच्छकटिकां’तला चारुदत्त तर रेभिलाचें गाणें ऐकून मध्यरात्र उलटल्यावर घरीं येतो. (त्याच रात्रीं त्याच्या घरीं चोरी होते, ती गोष्ट वेगळी!) रात्रीं जागणारा तो उनाड, ही आपल्या घरांतली समजूत त्यामुळें फारशी जुनी दिसत नाहीं.

पुण्यापुरतें बोलावयाचें तर १८८० च्या ३१ ऑक्टोबरला आनंदोद्भव नाटकगृहांत ‘संगीत शाकुंतल’ प्रथम झालें, आणि संगीत नाटकांच्या जागत्या रात्री सुरू झाल्या. पुढच्या दशकांत सार्वजनिक गणेशोत्सव आला, त्याबरोबर मेळेही आले. १९५३ सालीं पं. भीमसेन जोशी यांनीं गुरु सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ महोत्सव आरंभिला.

या महोत्सवास मी तरुणपणीं लवळ्याहून जात असें. डिसेंबरची थंडी, अंगावर घोंगडी आणि डब्यांत दशम्या. राग आणि प्रहर यांची गांठ ग्रंथ वाचून कळत नाहीं. पहांटेचे तीन वाजलेले, डोळे जड झालेले आणि समोर मालकंस चाललेला; अशा वेळीं ती आपोआप कळते. उजाडतांना ललत किंवा तोडी ऐकून मी पहिल्या बसनें गांवीं परतें आणि शाळेच्या वेळेस हजर असें.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना दुजोरा दिला. वर्षांतून पंधरा दिवसांपर्यंत राज्यसरकार मध्यरात्रीपर्यंतची सवलत देऊं शकतें, एवढेंच. महोत्सव दुपारींच सुरू होऊं लागला. मुलतानी, भीमपलास त्यांच्या वेळेस ऐकावयास मिळूं लागले हा लाभ मी नाकारीत नाहीं. परंतु उत्तररात्रीचे राग मात्र आपल्या घरास पारखे झाले.

तरी नियम करणाऱ्यांस मी दोष देत नाहीं. एका विसर्जनाच्या रात्रीं मी सदाशिव पेठेंत बहिणीकडे होतों. ज्याला हल्लीं ‘डीजे’ म्हणतात त्यानें खिडक्यांचीं तावदानें थरथरत होतीं आणि भाच्याचें महिन्याचें मूल दर दणक्यास दचकत होतें. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत चालते. त्या बाळंतिणीनें जावें कुठें? कलकत्त्याच्या दुर्गापूजेस युनेस्कोनें २०२१ सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें, तेव्हां आमचे तरुण शेजारी पुण्याचें नांव केव्हां लागणार म्हणून विचारीत होते. मी म्हटलें, ढोलताशाचें नांव अवश्य लावा. तावदानें फोडणाऱ्या यंत्राचें कशाला?

नियमांत एक वाट मोकळी आहे. बंदिस्त सभागृहांत, आवाज बाहेर न जाईल अशा बेतानें, रात्रीं गाणें होऊं शकतें. मोठ्या संस्थांनीं वर्षांतून एक रात्र तरी तशी राखावी. आम्हीं गेल्या कोजागरीस आमच्या माजघरांतच ती राखली. धाकटी सूनबाई गाणें शिकलेली आहे. तिनें दारें लावून, ध्वनिक्षेपकावांचून एक वाजतां मालकंस आरंभिला. वहिनींचें सगळें लक्ष आटत्या दुधाकडे, दादा भिंतीला टेकून पेंगलेले, मुलें जागच्या जागीं झोपलेलीं. नऊ वर्षांची नात मात्र टक्क जागी होती. गाणें संपल्यावर तिनें विचारलें, “आजोबा, हें उद्यां दुपारीं पुन्हा म्हणतील का?”

मी म्हटलें, “नाहीं बाळ, उद्यां रात्रीं.”