भुलीखालील अर्भक आणि मेंदूचा आलेख

दुभंगलेला ओठ, अंतर्गळ, जन्मजात मोतीबिंदू किंवा हृदयदोष यांवर कित्येकदा बाळ वर्षाचे होण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करावी लागते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून अशी बालके शोधून काढतात. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून तज्ज्ञांची सेवाही खेड्याच्या जवळ आली आहे. तथापि, संपूर्ण भुलीने बाळाच्या मेंदूला इजा तर होणार नाही ना, ही शंका मातापित्यांच्या मनात राहतेच.

एके काळी नवजात अर्भकाला वेदना फारशा जाणवत नाहीत, असा समज होता. भारतात जन्मलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली तो खोटा ठरविला. पुरेशी वेदनाशामक औषधे दिलेली बालके शस्त्रक्रियेचा ताण अधिक चांगल्या रीतीने सोसतात, असे त्यांना आढळून आले. भूल अपुरी नको आणि अतिरिक्तही नको, हे मग ओघानेच आले.

ही मात्रा ठरवावयाची कशी? बाळ बोलू शकत नाही. त्याची हालचाल थांबली एवढ्यावरूनही निर्णय करता येत नाही. कारण हालचाल थांबणे ही मुख्यतः मज्जारज्जूवरील परिणामाची खूण होय. मेंदूची अवस्था जाणण्यासाठी कपाळावर चिकटपट्ट्या लावून तेथील सूक्ष्म विद्युत्‌लहरींचा आलेख घेतात. मानवी मेंदूचा असा आलेख जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली प्रथम घेतला.

काही यंत्रे या आलेखावरून शून्य ते शंभर यांमधील एक आकडा दाखवितात. प्रौढांसाठी ४० ते ६० हा आकडा योग्य मानला जातो. परंतु ही गणना प्रौढांच्या मेंदूवर आधारलेली आहे. नेहमीच्या भुलीखाली प्रौढांच्या आलेखात सेकंदाला ८ ते १२ लहरी ठळकपणे दिसतात. तीन महिन्यांखालील बाळात मात्र मुख्यतः संथ लहरीच असतात. जलद लहरी चौथ्या महिन्याच्या सुमारास उमटू लागतात. म्हणून अर्भकाच्या बाबतीत केवळ आकड्यावर विसंबून चालत नाही. भूलतज्ज्ञाने मूळ आलेखच वाचावा लागतो. आलेख मधूनमधून सपाट होऊ लागला, तर मात्रा अधिक झाल्याची शक्यता तपासावी लागते. नाडी, रक्तदाब, प्राणवायू व शरीराचे तापमान यांवरील लक्ष अर्थातच सुटता कामा नये.

सात देशांतील ७२२ अर्भकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तासाभराहून कमी वेळ भूल दिलेल्या बालकांची बुद्धी पाचव्या वर्षी इतरांइतकीच असल्याचे त्यांत दिसून आले. तीन तासांहून अधिक किंवा वारंवार दिलेल्या भुलीबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली सावधगिरीची सूचना दिली. मात्र, आवश्यक शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये, असेच तज्ज्ञांचे मत आहे.

बाळाचा जन्म दिवस भरण्यापूर्वी झाला असल्यास, तसेच खोकला, ताप, आकडी किंवा पूर्वी दिलेली भूल यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. शेवटचे दूध किती वाजता पाजावयाचे, ही सूचना काटेकोरपणे पाळावी. पोटात दूध राहिल्यास ते भुलीत श्वासमार्गात शिरण्याचा धोका असतो, आणि तो कमी करण्यास मातापिता मोठा हातभार लावू शकतात.